विकत घेतलेले आतिथ्य

अन्न विकू नये, हा संस्कार महाराष्ट्रीय मनात फार खोलवर रुजलेला आहे. विद्या, पाणी आणि अन्न यांचा मोबदला मागणे हे हीनपणाचे लक्षण होय, असे आपल्या आज्या सांगत आल्या. त्यांपैकी विद्येचे मोल घेण्याचा प्रघात पडून शतकाहून अधिक काळ लोटला. पाणी तर बाटलीत भरून विकले जाऊ लागले आणि त्याचे कोणाला नवलही उरले नाही. अन्नाच्या बाबतीत मात्र हा संस्कार अद्याप पुरता मेलेला नाही. ज्याने आग्रह करकरून वाढले, त्यानेच हात धुऊन होताच हिशेब पुढे ठेवला, म्हणजे सुसंस्कृत माणसाला क्षणभर कसेसेच होते. पेठेतल्या उपाहारगृहात असे होत नाही; कारण तेथला गल्ला आणि भिंतीवरचे दरपत्रक ही आपल्याला आधीच सावध करून ठेवतात. परंतु एखाद्याच्या घरच्या पडवीत बसून जेवल्यानंतर जेव्हा पैसे मोजावे लागतात, तेव्हा देणारा आणि घेणारा असे दोघेही थोडे ओशाळलेले दिसतात. या संकोचाचे मूळ कोठे आहे, आणि तो कितपत युक्त आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराला रायगड जिल्ह्याचा किनारा हे उत्तम क्षेत्र होय. १९८१ सालापर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा मुंबईच्या अगदी समोर असूनही, त्याच्या किनाऱ्यावरची अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे दीर्घकाळ आपापल्या वाड्यांत आणि खाड्यांत निवांत होती. पुढे रस्ते झाले. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसह माणसे नेणारी बोट सुरू झाली. दिवेआगरात १९९७ साली एका वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली. आलेल्यांना जेवावयास कोठे घालावे, हा प्रश्न गावोगावच्या कुटुंबांनी आपल्या परीने सोडविला. त्यांनी नवी इमारत बांधली नाही. घरचीच पडवी सारवली, चार बाके मांडली आणि दारावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी लाविली. कोठे उकडीचे मोदक, वालाचे बिरडे आणि सोलकढी. तर कोळीवाड्याच्या बाजूस तळलेली सुरमई, बोंबील, तिसऱ्या आणि तांदळाची भाकरी. सकाळी ‘किती पाने?’ एवढे कळवावे, आणि दुपारी पानावर येऊन बसावे, असा तेथील शिरस्ता आहे.

अशा घरात वापरली जाणारी भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. जेवणारा वाढणारीला ‘काकू’ किंवा ‘मावशी’ म्हणतो. ती त्याला ‘सावकाश होऊ द्या’ म्हणते. मोदकावर तुपाची धार सोडताना ‘एवढ्याने काय होतंय, आणखी एक घ्या’ असा आग्रह होतो. लहान मुलाला तिखट सोसत नाही असे दिसले, तर न मागता दहीभात येतो. ही सारी भाषा आप्तांची आहे, बाजाराची नव्हे. आणि तरीही अखेरीस इतक्या पानांचे इतके रुपये, हा हिशेब ठरलेलाच असतो. मग प्रश्न असा की, तो आग्रह खरा कोणता? काकूंचा की खानावळवालीचा? ‘आणखी एक घ्या’ हे शब्द प्रेमाचे मानावे, की पुन्हा यावे म्हणून पेरलेले मानावे?

या प्रश्नाला एक सडेतोड उत्तर तयार आहे. ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, खाटीक, मद्य गाळणारा आणि भटारी यांच्या भूतदयेमुळे आपल्याला जेवण मिळत नसते. ते त्यांच्या स्वार्थामुळे मिळते, आणि आपणही त्यांच्या स्वार्थालाच आवाहन करीत असतो. हे मत ज्यास पटले, तो म्हणेल की, पडवीतील गोड बोलणे हा व्यवसायाचाच एक भाग आहे. मिठाचे मोल जसे ताटाच्या दरात धरलेले असते, तसेच हास्याचेही धरलेले असते. जो घर म्हणून दाखवून दुकान चालवितो, तो उघडपणे दुकान चालविणाऱ्याहून एका परीने अधिक फसवा. कारण दुकानदार निदान नाते तरी सांगत नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या समाजात प्रत्येक मायेच्या शब्दामागे दर चिकटविलेला असेल, त्या समाजात मायेचे शब्दच हळूहळू निकामी होतील, ही भीती रास्त आहे. म्हणून या आक्षेपाचे उत्तर देण्याआधी, ज्या जुन्या फुकट आतिथ्याशी आपण या विकतच्या आतिथ्याची तुलना करतो, ते मुळात कसे होते, हे तपासून पाहणे प्राप्त आहे.

आपल्याकडील आतिथ्याची कल्पना उदात्त आहे, यात शंका नाही. तैत्तिरीयोपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना माता, पिता आणि आचार्य यांच्याच पंक्तीला अतिथीस बसवितो. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, तर प्रत्यक्ष मृत्यूलाही त्या अपराधाची भरपाई तीन वर देऊन करावी लागली. मनुस्मृतीने अतिथीची व्याख्या केली आहे ती तर फारच मार्मिक आहे. जो एकच रात्र राहतो तो अतिथी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आपल्याच गावात राहणारा मनुष्य अतिथी नव्हे. या व्याख्येतले मर्म असे की, गाववाल्याला जेवू घातले तर तो उद्या आपल्याला जेवू घालील. एक रात्र राहून निघून जाणाऱ्याकडून तशी अपेक्षाच संभवत नाही. परतफेडीची आशा जेथे संपते तेथून आतिथ्य सुरू होते, हा या व्याख्येचा अर्थ आहे. याच विचाराच्या ओघात शिजविलेले अन्न विकणे ब्राह्मणाला निषिद्ध ठरले. आणि आपल्या आज्यांचा तो संस्कार तेथपर्यंत जाऊन पोचतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही त्याच ग्रंथाच्या त्याच अध्यायात आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा अतिथी म्हणवला जात नाही. त्याने ब्राह्मणांची पाने उठल्यावर जेवावे. वैश्य आणि शूद्र आलेच, तर त्यांना दया म्हणून घरच्या चाकरांबरोबर घालावे. शूद्राच्याही पलीकडे ढकललेल्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. म्हणजे पैसा कोणालाच मागितला जात नव्हता, हे खरे. पण फुकट मिळणाऱ्या त्या पानाला जन्माची किंमत होती, आणि ती चुकविणे कोणाच्याही हातात नव्हते. रुपया नसेल तर मिळविता येतो. जन्म कोठून मिळवावा? मोठी चमत्कारिक गोष्ट अशी की, भोजनासाठी ब्राह्मणाने आपले कुल आणि गोत्र सांगू नये, सांगणारा ओकारी खाणारा होय, असेही तेथेच म्हटले आहे. सांगणाऱ्याला एवढी कडक शिक्षा फर्मावणाऱ्या शास्त्रकाराने विचारणाऱ्याला मात्र मोकळे सोडले. आणि व्यवहारात तर विचारल्याशिवाय पान मांडण्याची चालच राहिली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले, हा इतिहास काही फार जुना नव्हे.

ज्याचा जन्म पंक्तीला चालण्याजोगा होता, त्याला तरी ते फुकटचे अन्न गोड लागत होते काय? आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे धरून आठवडा काढीत. या रीतीने अनेकांचे शिक्षण झाले आणि ती चालविणाऱ्या गृहस्थांचे ऋण समाजावर आहे. पण ज्यांनी असे वार जेविले, त्यांना भाताबरोबर आणखीही बरेच काही गिळावे लागे. पान कोठे मांडले आहे, तूप कितीदा फिरले, घरच्या मुलाला वाढलेला पदार्थ आपल्यापर्यंत आला की नाही, हे सारे त्या कोवळ्या वयात टिपले जाते आणि पुसले जात नाही. उपकाराचे अन्न खाणाऱ्याला भूक अधिक आहे असे सांगता येत नाही आणि मीठ कमी आहे असेही सांगता येत नाही. पुढे चार पैसे मिळू लागले म्हणजे असा मनुष्य महिन्याचे पैसे भरून खानावळीत जेवू लागे, तेव्हा तेथल्या पातळ आमटीतही त्याला एक चव लागे. ती स्वातंत्र्याची होती.

आणखी एका व्यक्तीचा विचार या हिशेबात सहसा केला जात नाही. ती म्हणजे चुलीपुढे बसलेली. अतिथी आला की, आतिथ्याचे पुण्य यजमानाच्या नावे जमा होई आणि धूर गृहिणीच्या डोळ्यांत जाई. अवेळी चार पाने वाढली, तर तिने आपला भात कमी करावा. त्याबद्दल तिला कोणी विचारले नाही, मग मोबदला तर दूरच. आज त्याच गृहिणीने त्याच चुलीवर रांधलेल्या अन्नाचे पैसे घेतले म्हणजे आतिथ्य बाटले, असे म्हणणाऱ्याने एवढे सांगावे की, जुने आतिथ्य फुकट होते ते कोणाला? यजमानाला की तिला? मुंबईतील गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांनी हा प्रश्न आपल्या कष्टांनी सोडविला. आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यास आरंभ केला. अन्नपूर्णा हे नाव त्यांनी धारण केले, आणि त्या अन्न विकीतच होत्या. त्या नावात कोणाला विसंगती वाटली असल्यास दोष नावाचा नव्हे.

येथवरच्या विवेचनावरून असे दिसते की, मोल ही गोष्ट तितकीशी हीन नाही. मोलाने खाणारा उपकारातून सुटतो. रांधणारी वेठीतून सुटते. आणि दारात उभा असलेला परका आपले गोत्र सांगण्यातून सुटतो. कोणी म्हणेल की, मोलावाचूनही समता साधते. शिखांच्या लंगरात राजा आणि रंक एकाच ओळीत बसून फुकट जेवतात. हे अगदी खरे, आणि तो आदर्श मोलाच्या खानावळीहून उंच आहे यातही संशय नाही. पण तेथे देणारा कोणी एक यजमान नसतो. आज वाढणारा उद्या बसणारा असतो, आणि म्हणूनच उपकाराचा भार कोणाच्या डोक्यावर येत नाही. एकट्या घराला ते साधणे कठीण. एकट्या घराने परक्याला वरचेवर जेवू घालावयाचे, तर एक तर ते घर बुडेल, किंवा मग ते पाहुणे निवडू लागेल.

तथापि मोलाचे हे गुणगान करताना थोडे थांबले पाहिजे. ज्या जिल्ह्याविषयी आपण बोलत आहो, त्याच जिल्ह्यात महाड आहे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला आणि पुढील वर्षी महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. पण ते कागदावरच राहिले. १९२७ सालच्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. या चाळीस रुपयांचा नीट विचार करावा. पाणी विकणाऱ्याने पैसे नाकारले नाहीत. अस्पृश्याच्या हातचा रुपया त्याला बाटला नाही. पण २० मार्चला तीच माणसे तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायली, तेव्हा मात्र गावात दंगल उसळली. मंडपात जेवत असलेल्यांना मारहाण झाली आणि त्यांचे अन्न मातीत मिसळण्यात आले. म्हणजे विकणे निराळे आणि बरोबरीने घेणे निराळे. कित्येक चहाच्या दुकानांतून निराळ्या कपांची जी व्यवस्था होती, तीत तरी दुसरे काय होते? पैसे एकाच गल्ल्यात पडत, कप मात्र बाहेर, वळचणीला टांगलेले असत.

तेव्हा मोल हे दार ढकलते, पण ते सताड उघडण्यास त्याहून निराळे बळ लागते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. आणि १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत प्रवेश आणि विहिरी व तलाव यांचा वापर या बाबतींत कोणाही नागरिकास जन्मावरून मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले. तळे आणि खानावळ ही दोन्ही एकाच अनुच्छेदात शेजारी शेजारी आली आहेत, हा काही योगायोग नव्हे. पाणी पिणे आणि पंक्तीला बसणे यांतूनच माणूस माणसाला आपल्यातला मानतो की नाही, हे कळते.

पण कायदाही दारापर्यंतच येतो. आत आलेल्या माणसाला कसे वाढावे, हे कोणत्याही अनुच्छेदात लिहिता येत नाही. म्हणून आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोल वाजवी आहे, दार उघडे आहे. मग त्यावर उरलेला जो गोडवा, तो खरा की खोटा हे कशावरून ओळखावे? माझ्या मते त्याची परीक्षा गोड शब्दांत नाही, माशात आहे. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून उलगडून सांगतो.

ताजा मासा ओळखण्याच्या खुणा कोळणीला ठाऊक असतात. कल्ले लाल असावेत, डोळे चकचकीत व फुगीर असावेत, अंग दाबले असता बोटाचा खळगा राहू नये. पण खानावळीत बसलेल्या माणसापुढे यांतली एकही खूण येत नाही. त्याच्यापुढे येते ती तिखटमिठात लडबडून, रवा लावून तळलेली तुकडी. कालवणात तर चिंच, लसूण आणि मसाला यांच्याआड चार दिवस बर्फात पडलेला मासाही खपून जातो. पावसाळ्यात, जून-जुलै महिन्यांत, समुद्रातील यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत बाहेरगावचा मनुष्य येऊन सुरमईच हवी असा हट्ट धरतो. अशा वेळी जी बाई म्हणते की, ‘आज सुरमई घेऊ नका, ताजी नाही, सोड्यांचं कालवण करून देते,’ ती महाग पानाचे पैसे स्वतःच्या हाताने सोडते. हे वाक्य दरात धरलेले नसते. सुरमईचे मोल ठरविता येते. ‘घेऊ नका’ या शब्दांचे मोल कसे ठरविणार?

या बाबतीत जपानी लोकांच्या एका रिवाजाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांच्याकडे सुशी नावाचा जो पदार्थ आहे, त्याचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या शहरात रूढ झाले. त्यापूर्वी मासा आंबवलेल्या भातात महिनोन्‌महिने मुरवून टिकवीत. एदोच्या रस्त्यांवरील ठेलेवाल्यांनी शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाची चकती ठेवून तत्काळ हातात देण्याची रीत पाडली. पुढे बर्फाची सोय झाली आणि मासा बहुधा कच्चाच दिला जाऊ लागला. आपल्या किनाऱ्यावरचा कोळीही कच्चा मासा खात नाही. पण त्या रिवाजातली नीती आपल्याला कळण्याजोगी आहे. तेथे रांधणारा आणि खाणारा यांच्यामध्ये फक्त एक फळी असते. मासा डोळ्यांदेखत कापला जातो, आणि त्याला झाकावयास मसाला नसतो. गल्लीतल्या लहान सुशीगृहात नेहमी येणारा मनुष्य पुष्कळदा पदार्थांची नावेही घेत नाही. ‘ओमाकासे’ म्हणतो, म्हणजे ‘तुमच्यावर सोपविले’. आज समुद्राने काय चांगले दिले, हे त्याच्याहून समोरच्याला अधिक कळते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या खानावळीत ‘मावशी, आज काय चांगलं आहे?’ असे विचारणारा तेच म्हणत असतो. निवड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपले पोट त्याच्या प्रामाणिकपणावर ठेवणे. पैसे देणारा मनुष्यही त्या क्षणी अगदी निःशस्त्र असतो. आणि निःशस्त्र माणसाशी आपण कसे वागतो, यातच आपले शील दिसते.

यावर व्यवहारी मनुष्य विचारील, की हाही स्वार्थच नव्हे काय? खरे बोलणाऱ्या खानावळीचे नाव होते, गिऱ्हाईक परत येते, चार जणांना सांगते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली हाच प्रश्न एका दुकानदाराच्या उदाहरणाने मांडला होता. अजाण गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे न घेणारा आणि लहान मुलालाही मोठ्यांच्याच भावाने माल देणारा दुकानदार प्रामाणिकपणे वागतो खरा. पण तो कर्तव्य म्हणून तसा वागतो की धंद्याच्या हिताकरिता, हे त्याच्या कृतीवरून ठरविता येत नाही. कांटचा हा पेच सोडविणे अवघड आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणात डोकावण्याची सोय आपल्याला नाही. तरीही एक जागा अशी आहे की, जेथे दोन्ही वाटा फुटून निराळ्या होतात. जे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, त्याच्याशी खरे बोलण्यात धंद्याचे हित जवळजवळ नसते. परगावचे एक कुटुंब हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन, दुपारचे जेवून, संध्याकाळच्या गाडीने कायमचे निघून जाणार आहे. त्याला ताजा मासा ओळखता येत नाही, येथला भाव ठाऊक नाही, आणि तक्रार करावयास तो मागे येणार नाही. त्याला जर नेहमीच्या गिऱ्हाइकाइतकेच चांगले पान मिळाले, तर ते स्वार्थाने मिळाले असे म्हणणे फारच ओढूनताणून होईल.

आणि हा मनुष्य कोण, हे पाहिले म्हणजे मौज वाटते. एकच रात्र राहणारा, ज्याची तिथी ठरलेली नाही, जो गाववाला नाही आणि ज्याच्याकडून परतफेड संभवत नाही, असा हा मनुष्य म्हणजे स्मृतिकारांनी व्याख्या केलेला तोच अतिथी होय. शास्त्राने आतिथ्याची जी जागा दाखविली आणि कांटच्या पेचातून प्रामाणिकपणाच्या परीक्षेची जी जागा निघते, ती एकच आहे. मधल्या काळात पाने फुकटची विकतची झाली, पण ती जागा हलली नाही. तेव्हा पैसे घेतल्याने आतिथ्य नष्ट होते, हे म्हणणे टिकत नाही. पैसे हे पानावरच्या वस्तूचे असतात. आतिथ्य हे त्या वस्तूच्या खरेपणात आणि ती सर्वांना सारखी देण्यात असते. फसविण्याची सोय असता न फसविणे, हेच विकतच्या पानावरचे फुकटचे वाढप होय.

जेवणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. पैसे टाकले म्हणजे सारे फिटले, असे मानणारा मनुष्य घराला दुकान करून सोडतो आणि मग तेथे घरपण नाही म्हणून कुरकुरतो. दहा पाने सांगून सहाच जणांनी जाणे, चुलीपुढे घाम गाळणाऱ्या बाईशी एका मोदकाच्या पैशांसाठी हुज्जत घालणे, पानात टाकून उठणे, आणि ‘काकू’ म्हणत चाकरासारखे राबविणे, ही सारी त्याचीच रूपे आहेत. ज्याने आप्तपणाची भाषा स्वीकारली, त्याने तिचा अर्धा भार उचललाच पाहिजे. रांधणारी माझे केवळ गिऱ्हाईक करीत नाही, अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याने तिचे केवळ स्वयंपाकघर करता कामा नये.

आणि वाढणाऱ्यांकडून एकच मागणे आहे. प्रत्येक घराला आपला आचार पाळण्याची मोकळीक आहे. याच किनाऱ्यावर नवगाव, अलिबाग, रेवदंडा या भागांत शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल लोक खवले असलेलाच मासा खातात आणि शनिवारी काम करीत नाहीत. त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना शनवारतेली म्हटले, पण त्यांच्या आचारात दुसऱ्याचा कमीपणा नव्हता. मी अमुक खात नाही, हा नियम स्वतःवर घातलेला असतो. तू येथे बसू नकोस, हा दुसऱ्यावर लादलेला असतो. शाकाहारी घराने मासा रांधू नये, हे त्याला शोभते. परंतु पाने सांगणाऱ्याला आधी आडनाव विचारून मग ‘आज जमणार नाही’ असे जेथे सांगितले जाते, तेथे ताटावर कितीही तूप पडो, ते वळचणीच्या कपाचेच वंशज आहे. त्या घराने मोल घेऊनही मोलाने येणारी मुक्ती दिली नाही, आणि आतिथ्याचा आव आणून आतिथ्यही दिले नाही.

आरंभी ज्या संकोचाचा उल्लेख केला, तो संकोच मात्र अजिबात जाऊ नये, असेच मला वाटते. पानाचे पैसे पुढे करताना हात किंचित अडखळतो, याचा अर्थ असा की, आपल्याला जे मिळाले ते पैशांत सगळे मावले नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि घेणारीचा हात अडखळतो, याचा अर्थ तिलाही ते ठाऊक आहे. त्या अडखळण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. ज्या दिवशी ते दोन्हीकडून नाहीसे होईल, त्या दिवशी फक्त व्यवहार उरेल. तोवर पैसे मोजून द्यावेत आणि मोजून घ्यावेत. ‘येतो’ म्हणून निघावे आणि ‘पुन्हा या’ म्हणून निरोप द्यावा. येणारा पुन्हा येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असले, तरी त्या शब्दांना खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही, जर मासा ताजा होता आणि पान सर्वांना सारखे मांडले होते.